हयातीतच पायउतार : जयपूरच्या धर्मप्रांतातून दिसणारा पोपचा पदत्याग

पोपपद आमरण असते, ही समजूत कॅथलिक समाजात इतकी खोल रुजलेली होती की तो चर्चचा कायदा आहे की केवळ वहिवाट, हे तपासून पाहण्याची गरज सामान्य श्रद्धावंताला शतकानुशतके भासली नाही. पोपचे निधन व्हावे, पोपच्या निवडीचा अधिकार असलेल्या ज्येष्ठ धर्माधिकाऱ्यांनी, म्हणजे कार्डिनलांनी, रोमला जमावे आणि सिस्टाइन चॅपेलच्या धुराड्यातून पांढरा धूर निघेपर्यंत जगाने वाट पाहावी, हा क्रम जणू ऋतुचक्रासारखा गृहीत धरला गेला होता. ११ फेब्रुवारी २०१३ रोजी, सोमवारी, काही व्यक्तींना संतपद देण्याचा निर्णय करण्यासाठी बोलावलेल्या कार्डिनलांच्या सभेत, त्या वेळी ८५ वर्षांचे असलेले पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी लॅटिन भाषेत एक छोटे निवेदन वाचले आणि वाढत्या वयामुळे हे पद सांभाळण्याइतके शरीराचे व मनाचे बळ आपल्यात उरलेले नाही, म्हणून २८ फेब्रुवारीच्या रात्री आठ वाजल्यापासून आपण ते सोडत आहोत, असे जाहीर केले. सभेला हजर असलेल्यांपैकी अनेकांना ऐकलेल्या शब्दांचा अर्थ लगेच उमगला नाही. लॅटिन जाणणाऱ्या एका इटालियन वार्ताहर महिलेने तो प्रथम ओळखला आणि मग बातमी जगभर गेली.

या घटनेचा विचार बहुधा रोमच्या अंगाने केला जातो. तिचे राजकारण, व्हॅटिकनमधील कागदपत्रांची फुटलेली गुपिते आणि पुढील निवडणुकीचे अंदाज यांवर भरपूर लिहिले गेले आहे. परंतु पोप हे रोमपुरते धर्मगुरू नाहीत, आणि त्यांच्या जाण्याचा अर्थ त्यांच्यापासून दूर असलेल्या, संख्येने लहान अशा समाजात अधिक स्पष्ट दिसू शकतो. राजस्थानची राजधानी जयपूर हे असेच एक ठिकाण आहे, आणि त्याचा बेनेडिक्ट यांच्याशी असलेला संबंध सहसा लक्षात घेतला जात नाही. एका बिशपच्या देखरेखीखालील चर्चचा प्रदेश म्हणजे धर्मप्रांत. जयपूर पूर्वी अजमेर-जयपूर या संयुक्त धर्मप्रांतात मोडत असे. २० जुलै २००५ रोजी त्याचे विभाजन होऊन जयपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत अस्तित्वात आला. बेनेडिक्ट यांची निवड त्याच वर्षी १९ एप्रिलला झाली होती, म्हणजे पदावर आल्यापासून अवघ्या तीन महिन्यांत त्यांनी या धर्मप्रांताची स्थापना केली आणि बिशप ओस्वाल्ड लुईस यांना त्याचे पहिले बिशप नेमले. स्वतंत्र धर्मप्रांत म्हणून जयपूरने फेब्रुवारी २०१३ पर्यंत दुसरा पोप पाहिलेलाच नव्हता. ज्यांच्या हातून आपला जन्म झाला तेच आपणहून बाजूला होत आहेत, असा हा अनुभव होता.

जयपूरचे कॅथलिक मुळात अनेक ठिकाणांहून आलेले आहेत. केरळ, मंगळूर, गोवा, तमिळनाडू आणि झारखंडच्या आदिवासी पट्ट्यातून शिक्षक, परिचारिका, रेल्वे कर्मचारी म्हणून येऊन स्थिरावलेली कुटुंबे तेथे आहेत, आणि उपासनेची समाईक भाषा मुख्यतः हिंदी आहे. पोपना हिंदी कॅथलिक परिभाषेत ‘संत पापा’ आणि बिशपना ‘धर्माध्यक्ष’ म्हणतात. वसईच्या कॅथलिकांप्रमाणे एकाच मातीत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले गाव, तेथले सण, तेथली बोली असा आधार या समाजाला नाही. जिथे स्थानिक मुळे विरळ असतात, तिथे दूरच्या केंद्राशी असलेले नाते अधिक महत्त्वाचे ठरते, आणि म्हणून पोपचे नाव हे जयपूरच्या श्रद्धावंताच्या दृष्टीने केवळ मानाचे नाव नसून, आपण एका विश्वव्यापी कुटुंबाचा भाग आहोत याची दर आठवड्याला पटणारी खूण आहे.

जयपूर आणि रोम यांच्यामधला हा धागा मात्र या शहराइतकाच जुना आहे. सवाई जयसिंग यांनी १७२७ मध्ये जयपूर वसवले आणि त्याच सुमारास खगोलशास्त्राच्या ओढीने त्यांनी येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट संघाच्या, धर्मगुरूंशी संपर्क साधला. फादर मॅन्युएल द फिगेरेदो त्यांच्या वतीने पोर्तुगालला गेले आणि १७३० च्या सुमारास युरोपीय ग्रहकोष्टके घेऊन परतले. १७३४ मध्ये चंद्रनगरहून फादर बूदिए आणि फादर पॉन्स हे फ्रेंच जेझुइट जयपूरला आले. १७४० मध्ये बव्हेरियातून फादर स्ट्रोब्ल आणि फादर गाबेल्सपेर्गर दाखल झाले, आणि त्यांपैकी गाबेल्सपेर्गर यांनी पुढच्याच वर्षी जयपुरात देह ठेवला. जंतरमंतरची दगडी यंत्रे वापरात येत असलेल्या या दशकात रोममध्ये पोप कोण होते, हे पाहण्यासारखे आहे. बारावे क्लेमंट १७३० साली निवडले गेले तेव्हा त्यांचे वय ७८ होते, म्हणजे निवडीच्या वेळी बेनेडिक्ट यांचे जेवढे होते तेवढेच. दोन वर्षांत त्यांची दृष्टी गेली, पुढे बराचसा कारभार त्यांना अंथरुणावरून करावा लागला, आणि तरीही १७४० मध्ये मृत्यू येईपर्यंत ते पोप राहिले. अंध व अंथरुणाला खिळलेल्या पोपनी पद सोडावे, ही अपेक्षा त्या काळी सर्वमान्य विचारात नव्हती. कारण असे की पत्रे महिनोन्‌महिने प्रवास करीत, पोपचे दर्शन फार थोड्यांना होई, आणि जयपूरमधील एखाद्या जेझुइटाला पोपची प्रकृती कशी आहे हे कळेपर्यंत वर्ष उलटून जाई. आजचे पोप दर बुधवारी लोकांसमोर येतात, विमानाने खंड ओलांडतात, आणि त्यांच्या थरथरत्या हाताचे चित्र त्याच क्षणी जयपूरच्या घराघरांत दिसते. पदाचा आध्यात्मिक गाभा तोच राहिला असला तरी ते पार पाडण्यास लागणारे शारीरिक बळ कितीतरी वाढले आहे. बेनेडिक्ट यांच्या निवेदनातील वेगाने बदलणाऱ्या जगाचा उल्लेख या अर्थाने वाचला पाहिजे.

पदत्याग अमलात आला तो क्षण भारतात मध्यरात्रीनंतरचा होता. रोममध्ये २८ फेब्रुवारीचे रात्रीचे आठ वाजले तेव्हा जयपूरमध्ये १ मार्च उजाडून अर्धा तास झाला होता. रोमजवळच्या कास्तेल गांदोल्फो येथील निवासाच्या दारावरून पोपचे अंगरक्षक असलेले स्विस गार्ड निघून गेले आणि दार बंद झाले, एवढेच दृश्य दूरचित्रवाणीवर दिसले. परंतु श्रद्धावंताला हा बदल जिथे खरोखर जाणवतो ती जागा वेगळी आहे. मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासनेचा मुख्य विधी, तिच्या मध्यभागी भाकर आणि द्राक्षरस अर्पण करताना धर्मगुरू एक दीर्घ प्रार्थना म्हणतात, आणि तिच्यात जगभरच्या चर्चसाठी विनंती करताना आधी पोपचे आणि लगेच त्या धर्मप्रांताच्या बिशपचे नाव घेतात. हा उल्लेख इतका सवयीचा असतो की बाके भरून बसलेल्या लोकांपैकी फार थोडे त्याकडे कान देतात. पद रिकामे असताना मात्र नियम असा की पोपचे नाव गाळायचे आणि बिशपचे तेवढे घ्यायचे. त्यामुळे १ मार्च २०१३ च्या सकाळपासून जयपूरच्या मिस्सेत बेनेडिक्ट यांच्या नावाची जागा मोकळी राहिली आणि एकट्या ओस्वाल्ड यांचे नाव तेवढे उरले. पोपच्या निधनानंतर ही पोकळी शोकाचा भाग होऊन जाते. या वेळी ज्यांचे नाव गळले ते हयात होते, आणि त्यांनीच ते गाळायला लावले होते. तो ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ होता, त्यागाच्या चिंतनाला चर्चने राखून ठेवलेला, आणि या काळात आलेली ही पोकळी मृत्यूने आणलेल्या पोकळीपेक्षा अधिक विचार करायला लावणारी होती. १३ मार्चच्या रात्री साडेअकरानंतर भारतीय वेळेप्रमाणे पांढरा धूर दिसला, मध्यरात्र उलटल्यावर नाव जाहीर झाले, आणि १४ तारखेच्या सकाळी त्या मोकळ्या जागी ‘फ्रान्सिस’ हे नाव आले. ते निवडले गेलेले पहिले जेझुइट पोप होते. जयसिंगांनी ज्या संघाच्या धर्मगुरूंना बोलावले त्याच संघाचे.

पोपना पद सोडता येते का, या प्रश्नाचे उत्तर चर्चच्या कायद्यात स्पष्ट आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ३३२ व्या कलमानुसार पोपचा राजीनामा ग्राह्य ठरण्यास दोनच अटी आहेत : तो स्वेच्छेने दिलेला असावा आणि योग्य रीतीने प्रकट केलेला असावा. तो कोणी स्वीकारण्याची गरज नाही, कारण स्वीकारू शकेल असा वरिष्ठ पृथ्वीवर नाही. याउलट बिशपसाठी ४०१ वे कलम सांगते की वयाची ७५ वर्षे पूर्ण झाल्यावर त्यांनी आपला राजीनामा पोपकडे सादर करावा, आणि तो केव्हा स्वीकारायचा हे पोपनी परिस्थिती पाहून ठरवावे. ही अपेक्षा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये प्रथम व्यक्त केली आणि पुढच्याच वर्षी पोप सहावे पॉल यांनी तिला नियमाचे रूप दिले. जयपूरने हे दुसरे दृश्यही पाहिले आहे. बिशप लुईस यांचा राजीनामा पोप फ्रान्सिस यांनी एप्रिल २०२३ मध्ये स्वीकारला आणि अजमेर धर्मप्रांताचे फादर जोसेफ कल्लरक्कल यांची त्यांच्या जागी नेमणूक केली. बेनेडिक्ट यांचे निधन होऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस डिसेंबर २०१९ मध्ये ७५ वर्षांचे झाले, पण ते प्रत्यक्ष निवृत्त झाले जानेवारी २०२५ मध्ये. वसईच्या धर्मप्रांतातही २०२४ साली आर्चबिशप फेलिक्स मच्याडो यांच्या जागी बिशप थॉमस डिसोझा आले. म्हणजे बिशपने पद सोडणे ही चर्चमध्ये आता नित्याची गोष्ट आहे, आणि त्यामुळे कोणाचीही श्रद्धा डळमळीत होत नाही. मग पोपच्या बाबतीतच मन एवढे का हेलावते?

याचे एक कारण पोपपदाच्या स्वरूपाविषयीच्या गैरसमजात आहे. कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे धर्मसेवेच्या दीक्षेच्या तीनच पायऱ्या आहेत : धर्मगुरूंना साहाय्य करणारा डीकन, मिस्सा अर्पण करू शकणारा धर्मगुरू, आणि दीक्षेची परिपूर्णता असलेला बिशप. ही दीक्षा एक संस्कार आहे आणि तिचा ठसा आत्म्यावरून पुसला जात नाही. निवृत्त बिशप मरेपर्यंत बिशपच राहतो. पोपपद ही मात्र चौथी पायरी नाही. पोप म्हणजे रोमचा बिशप, आणि रोमचा बिशप हा संत पेत्राचा वारस असल्यामुळे संपूर्ण चर्चची धुरा त्याच्याकडे येते. निवडलेल्या व्यक्तीने होकार दिला, आणि ती आधीच बिशप असली, की त्या क्षणी हा अधिकार मिळतो. राजीनामा दिला की तो संपतो, आणि संस्कार आहे तसा राहतो. बेनेडिक्ट यांनी २८ फेब्रुवारीला खाली ठेवले ते एक दायित्व होते, त्यांच्या आत्म्याचा भाग नव्हता. हा भेद पोथीतला वाटेल, परंतु पोप या व्यक्तीला आणि पोप या पदाला एकच समजणाऱ्या भक्तिभावाला शतकांनंतर प्रथमच त्याने स्पष्ट सीमा घालून दिली.

इतिहासाने हा भेद पूर्वीही दाखवला होता, पण फार क्लेशदायक रीतीने. पोप चौथे निकोलस यांच्या निधनानंतर कार्डिनलांचे दोन वर्षांहून अधिक काळ एकमत होईना, तेव्हा जुलै १२९४ मध्ये त्यांनी पिएत्रो दा मोरोने या वृद्ध तपस्व्याची निवड केली. डोंगरातल्या गुहेत राहून उपास-प्रार्थनेत आयुष्य घालवलेला हा साधू गाढवावर बसून लाक्विला शहरात आला आणि तेथे पाचवे सेलेस्टाइन या नावाने पोप झाला. नेपल्सच्या राजाने त्यांना आपल्या शहरात ठेवून घेतले. तेथील किल्ल्यात त्यांच्यासाठी लाकडी फळ्यांची एक छोटी खोली उभारली गेली, कारण राजवाड्यात त्यांना प्रार्थना सुचत नसे. कारभार त्यांना कळत नव्हता, एकच नेमणूक एकाहून अधिक लोकांना दिली जात होती, आणि आजूबाजूचे लोक त्यांच्या साधेपणाचा फायदा घेत होते. पाच महिन्यांत त्यांनी ओळखले की आपल्या पावित्र्याने चर्चचा कारभार चालणार नाही. कायदेपंडित कार्डिनल काएतानी यांचा सल्ला घेऊन, पोपना राजीनामा देता येतो असे त्यांनी आधी घोषित केले आणि १३ डिसेंबर १२९४ रोजी कार्डिनलांसमोर पदाची चिन्हे उतरवून ठेवली. अकरा दिवसांत तेच काएतानी आठवे बोनिफेस म्हणून पोप झाले. माजी पोप आपल्या विरोधकांच्या हाती सापडले तर चर्चमध्ये फूट पडेल, या भीतीने त्यांनी सेलेस्टाइन यांना अटकाव केला. म्हातारा तपस्वी निसटला, समुद्रापार जाण्याच्या प्रयत्नात पकडला गेला, आणि फुमोनेच्या गढीत नजरकैदेत मे १२९६ मध्ये मरण पावला. १३१३ साली चर्चने त्यांना संत घोषित केले. दांते या महाकवीने भ्याडपणे नकार देणाऱ्या एका अनाम आत्म्याला नरकाच्या उंबरठ्यावर उभे केले आहे, आणि तो सेलेस्टाइनच असावा असे वाचकांच्या अनेक पिढ्यांनी मानले. एकाच माणसाच्या एकाच कृतीला चर्चने पावित्र्य आणि काव्यपरंपरेने भेकडपणा ठरवावे, यावरून पदत्यागाचा नैतिक निवाडा किती अवघड आहे हे दिसते. बोनिफेस यांचे एक काम मात्र टिकले : १२९८ च्या कायदेसंग्रहात त्यांनी पोपच्या राजीनाम्याचा हक्क नोंदवून ठेवला, आणि आजचे ३३२ वे कलम त्याच परंपरेतून आले आहे.

पोप बारावे ग्रेगरी यांचा राजीनामा, बेनेडिक्ट यांच्या आधीचा शेवटचा, वेगळ्या जातीचा होता. एकाच वेळी तिघे जण पोपपदावर हक्क सांगत होते, आणि ती फूट मिटवण्यासाठी कॉन्स्टन्स येथील परिषदेत जुलै १४१५ मध्ये ग्रेगरी यांच्या वतीने राजीनामा वाचला गेला. तो तडजोडीचा भाग होता. बेनेडिक्ट यांचे नाते सेलेस्टाइन यांच्याशीच आहे, आणि ते त्यांनी स्वतः एका कृतीने आधीच सूचित केले होते. एप्रिल २००९ मध्ये भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या लाक्विलाला ते गेले तेव्हा पडझड झालेल्या बासिलिकेत सेलेस्टाइन यांच्या काचेच्या शवपेटीपाशी त्यांनी आपला पॅलियम वाहिला. पॅलियम म्हणजे मेंढीच्या लोकरीचा, खांद्यावरून घ्यायचा पांढरा पट्टा. हरवलेले मेंढरू खांद्यावर घेणाऱ्या मेंढपाळाचे ते प्रतीक आहे, आणि बेनेडिक्ट यांनी वाहिलेला पट्टा त्यांना २००५ मध्ये पदग्रहणाच्या वेळी मिळाला होता. त्या दिवशी हे भूकंपग्रस्तांविषयीचे सौजन्य वाटले. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ मुलाखतीत, शरीराने, मनाने वा आत्म्याने कार्य पेलत नाही अशी स्पष्ट जाणीव झाल्यास पोपना राजीनाम्याचा हक्क आहे, आणि काही परिस्थितीत ते कर्तव्यही आहे, असे त्यांनी सांगितले. म्हणजे फेब्रुवारी २०१३ चा निर्णय थकव्याच्या भरात घेतलेला नव्हता. तो अनेक वर्षे प्रार्थनेत तोलला गेला होता.

तरीही श्रद्धावंताच्या मनातला खरा प्रश्न कायद्याने सुटत नाही. बेनेडिक्ट यांच्या आधीचे पोप दुसरे जॉन पॉल यांचे अखेरचे दिवस जगाने पाहिले होते. कंपवाताने वाकलेले, बोलता न येणारे पोप २००५ च्या ईस्टरला खिडकीशी आले आणि शब्द न उमटताच मागे गेले. सहा दिवसांनी, २ एप्रिलला, त्यांचे निधन झाले. दुर्बल, परावलंबी जीवनालाही प्रतिष्ठा आहे, ही शिकवण त्यांनी आपल्या देहाने दिली. ख्रिस्त क्रुसावरून उतरला नाही, मग त्याच्या प्रतिनिधीने का उतरावे, हा प्रश्न २०१३ मध्ये अनेकांनी विचारला, आणि तो विचारणाऱ्यांची वेदना खरी होती. बेनेडिक्ट यांनी निरोपाच्या जाहीर सभेत, २७ फेब्रुवारीला, याचे उत्तर दिले : आपण क्रूस टाकून जात नसून वेगळ्या रीतीने त्याच्यापाशी राहणार आहोत, यापुढे कारभाराऐवजी प्रार्थनेची सेवा करणार आहोत. हे दोन मार्ग परस्परविरोधी नाहीत. दुःखभोगाची साक्ष ही व्यक्तीला दिलेली कृपा आहे. ती प्रत्येक पोपकडून सक्तीने मागता येत नाही. आणि कारभार करू न शकणाऱ्या पोपच्या नावाने दुसरेच लोक निर्णय घेऊ लागले, तर त्यात चर्चचे हित नाही, हे बेनेडिक्ट यांनी जॉन पॉल यांच्या आजारपणात व्हॅटिकनमध्येच काम करताना जवळून पाहिले होते. राहण्यासाठी जसे धैर्य लागते तसे जाण्यासाठीही लागते, आणि आपल्यावाचून चर्च चालेल असे मानणे हा श्रद्धेचाच भाग आहे.

भारतीय वाचकाला येथे वानप्रस्थाश्रम आठवणे साहजिक आहे, आणि ती आठवण अगदीच गैरलागू नाही, कारण कर्तव्य पार पडल्यावर अधिकार सोडून ईश्वरचिंतनाकडे वळणे या देशात पराभव मानले गेलेले नाही. परंतु बेनेडिक्ट वनात गेले नाहीत. काही आठवड्यांनी ते व्हॅटिकनच्या तटबंदीतल्या एका लहान मठात येऊन राहिले, पांढरा पायघोळ झगा त्यांनी सोडला नाही, ‘पोप एमेरिटस’, म्हणजे सन्मान्य निवृत्त पोप, ही पदवी धारण केली आणि बेनेडिक्ट हेच नाव ठेवले. त्यांच्या निर्णयातला कच्चा दुवा येथे आहे. पद सोडल्यावर पदाची चिन्हे मागे राहिली तर लोक त्यांनाच पद समजतात, हे जयपूरला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. ३० मार्च १९४९ रोजी जयपूर संस्थान राजस्थानात विलीन झाले, सवाई मानसिंग दुसरे यांना राजप्रमुख करण्यात आले, तेही पद १९५६ मध्ये संपले, आणि १९७१ मध्ये राज्यघटनेने राजेपदव्यांची मान्यताच काढून घेतली; तरी शहराच्या बोलण्यातून ‘महाराजा’ हा शब्द गेला नाही. तिथे त्याने कोणाचे नुकसान होत नाही, कारण सत्ता कोणाची याविषयी कोणाच्या मनात संदेह नाही. चर्चमध्ये मात्र संदेह निर्माण झाला. फ्रान्सिस यांच्या धोरणांशी असहमत असलेल्या काही गटांनी बेनेडिक्ट यांना खरे पोप म्हणायला सुरुवात केली, त्यांचा राजीनामाच अवैध असल्याचा दावा केला. बेनेडिक्ट यांनी तो स्वच्छ शब्दांत फेटाळला. पांढऱ्या झग्याविषयी त्यांचा खुलासा होता की निघताना दुसरे कपडे तयार नव्हते. २०२० मध्ये धर्मगुरूंच्या ब्रह्मचर्यासंबंधीच्या एका पुस्तकावर सहलेखक म्हणून त्यांचे नाव आले, आणि त्याच विषयावर फ्रान्सिस निर्णय घेणार असल्यामुळे वाद इतका वाढला की बेनेडिक्ट यांच्या वतीने ते नाव काढण्याची विनंती करावी लागली. दोघांमध्ये वैर नव्हते, उलट आदर होता. ३१ डिसेंबर २०२२ रोजी बेनेडिक्ट ९५ व्या वर्षी वारले आणि ५ जानेवारी २०२३ रोजी त्यांच्या अंत्यविधीचे पौरोहित्य फ्रान्सिस यांनी केले. परंतु दोन सज्जनांच्या परस्पर आदरावर एवढ्या मोठ्या संस्थेची व्यवस्था सोपवून ठेवणे शहाणपणाचे नाही.

फ्रान्सिस यांना याची जाणीव होती. प्रकृतीमुळे असमर्थ झाल्यास उपयोगात यावे म्हणून आपण २०१३ मध्येच राजीनाम्याचे पत्र लिहून व्हॅटिकनचे तत्कालीन राज्यसचिव कार्डिनल बेर्तोने यांच्याकडे दिले आहे, असे त्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये उघड केले. तसे सशर्त पत्र पूर्वी सहावे पॉल यांनीही १९६५ मध्ये लिहून ठेवले होते. आपण पद सोडलेच तर ‘रोमचे निवृत्त बिशप’ एवढेच म्हणवून घेऊ, असेही फ्रान्सिस म्हणाले होते. त्याच वेळी राजीनामा ही प्रथा पडू नये, पोपपद आमरणच असावे, असे मतही त्यांनी मांडले, आणि २१ एप्रिल २०२५ रोजी, इस्पितळातून परतल्यावर महिन्याभरात, पदावर असतानाच ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ८ मे रोजी चौदावे लिओ निवडले गेले तेव्हा ते ६९ वर्षांचे होते. त्यांच्यापुढे हा प्रश्न येईलच, पण बहुधा लगेच नाही.

नेमका हाच काळ कायदा करण्यास योग्य आहे. धर्मसंहितेत निवृत्त बिशपची पदवी, निवास आणि चरितार्थ यांविषयी नियम आहेत. निवृत्त पोपविषयी एकही कलम नाही. पोप शुद्धीवर नसतील तर काय करावे, याविषयी ३३५ वे कलम केवळ एवढेच सांगते की त्या काळात चर्चच्या कारभारात नवा बदल करू नये आणि यासाठी केलेल्या विशेष कायद्याचे पालन करावे. तो विशेष कायदा आजवर प्रसिद्ध झालेला नाही. राजीनाम्यानंतर पोपनी कोणते नाव, कोणता वेश धारण करावा, कुठे राहावे, जाहीर लेखन करावे की नाही, हे जिवंत निवृत्त पोप समोर नसताना ठरवले तर ते कोणाविरुद्ध केले असे वाटणार नाही. चौदावे लिओ स्वतः चर्चच्या कायद्याचे पदवीधर आहेत. त्यांनी कायद्यातील या दोन्ही उणिवा भरून काढाव्यात, आणि जयपूरच्या चर्चमध्ये असो वा वसईच्या, मिस्सेत पोपचे नाव ऐकणाऱ्याने त्यांच्यासाठी प्रार्थना करताना हे कामही लक्षात ठेवावे.